समानुभूती मोजायची कशी, आणि कोणत्या भाषेत? (नाटक, चित्र, गाणं आणि आपल्याकडच्या शाळा)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला शिकवते. एम.एड. झालंय, आता पीएच.डी.चा विषय ठरवायचाय. नाटक, चित्र, गाणं यांतून शिकवलं तर मुलांची समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचं मन समजून घेणं, वाढते का, हे मला पाहायचंय. चार महिने वाचन चालू आहे. पण एका ठिकाणी अडकले आहे आणि हा प्रश्न इथे सुटेल असं वाटतं, कारण इथे शिक्षकही आहेत आणि आकडेवाले लोकही आहेत.

आधी प्रसंग सांगते. आमच्या वर्गातली सात-आठ मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि होळीच्या आसपास परततात. यंदा एक मुलगा परत आला तेव्हा वर्ग तीन धडे पुढे गेलेला. पहिले चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. मी नागरिकशास्त्राच्या तासाला छोटं नाटुकलं करून घेतलं, 'परत आलेला विद्यार्थी'. भूमिका मुद्दाम उलट्या दिल्या. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी झाली परत आलेला मुलगा, आणि तो मुलगा झाला शिक्षक.

मुलगी दारात आली. सगळ्यांच्या चपला बाहेर रांगेत असतात. तिनं चपला काढल्या, पण रांगेत ठेवल्या नाहीत. हातात धरून आत आली, शेवटच्या बाकावर बसली, चपला पायाखाली घेतल्या आणि त्यांवर पाय ठेवून बसून राहिली. हे मी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "मॅडम, पहिल्या दिवशी तो असाच बसला होता. त्याला पळून जावंसं वाटत असेल, म्हणून चपला जवळ ठेवल्या."

वर्ग गप्प झाला. तेवढ्यात 'शिक्षक' झालेला तो मुलगा म्हणाला, "तसं नव्हतं मॅडम. चपला नव्या होत्या. कारखान्यावरून आणल्या होत्या. कुणी नेतील म्हणून."

त्या दिवसापासून ती दोघं बोलायला लागली.

आता अडचण. सगळे म्हणतात, प्रमाणित साधन वापरा. मार्क डेव्हिस यांची १९८० च्या दशकातली २८ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणं, दुसऱ्याविषयी कळकळ, कथेतल्या पात्रात शिरणं आणि दुसऱ्याचा त्रास पाहून स्वतः घाबरून जाणं, असे तिचे चार भाग. मी ती मराठीत करून मुलांपुढे ठेवली. एका मुलीनं विचारलं, "अस्वस्थ म्हणजे दवाखान्यात नेतात ते का?" कादंबरीतल्या पात्राबद्दलचं विधान वाचून अर्धा वर्ग माझ्याकडे बघत बसला. त्या नाटुकल्यातली मुलगी या प्रश्नावलीत वर्गाच्या सरासरीच्या खाली आली.

म्हणजे प्रश्नावली चुकतेय, की मी जे पाहिलं ते समानुभूती नव्हतंच?

आकडेमोड

ताई, प्रसंग वाचून काम बाजूला ठेवलं आणि लिहायला बसलो. मी धुळ्याला कॉलेजात मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवतो.

एक गंमतीची नाही, महत्त्वाची गोष्ट आधी. समानुभूतीसाठीचा 'एम्पथी' हा शब्दच मुळात कलेतून आलाय. रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकानं १८७३ मध्ये कलाकृती पाहताना माणूस त्या वस्तूत 'शिरतो' या अनुभवासाठी 'आइनफ्यूलुंग' हा जर्मन शब्द वापरला. थिओडोर लिप्स यांनी तो मानसशास्त्रात आणला, आणि १९०९ मध्ये एडवर्ड टिचनर यांनी त्याला 'एम्पथी' हा आजचा इंग्रजी शब्द दिला. म्हणजे चित्रात शिरणं आधी, माणसात शिरणं नंतर. त्यामुळे कला आणि समानुभूती यांचा संबंध जोडणं ही ओढूनताणून केलेली गोष्ट नाही.

संशोधनाचा प्रवाह कसा बदलला, ते मला असं दिसतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी सगळ्यांचा प्रश्न एकच होता, कलेनं गणिताचे गुण वाढतात का? हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन गटात एलन विनर आणि लॉइस हेटलंड यांनी २००० मध्ये जुने अभ्यास गोळा करून तपासले, तेव्हा बहुतेक दाव्यांना ठोस आधार मिळाला नाही. नाटकानं भाषिक कौशल्यं सुधारतात, हा धागा मात्र टिकला. त्यानंतर लोक वेगळं विचारायला लागले, की कला माणूस म्हणून मुलाला काय देते.

थालिया गोल्डस्टाइन आणि विनर यांचा २०१२ चा अभ्यास तुम्ही वाचलाच पाहिजे. वर्षभर अभिनय शिकणारी मुलं आणि वर्षभर चित्र किंवा संगीत शिकणारी मुलं यांची तुलना त्यात आहे. अभिनयवाल्यांमध्ये समानुभूती वाढलेली दिसली. दोन्हीकडे कलाच होती, म्हणून ही तुलना मला प्रामाणिक वाटते. नुसतं 'कला विरुद्ध काहीच नाही' असं केलं तर शिक्षकाच्या उत्साहाचा परिणामही कलेच्या खात्यावर जमा होतो.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावा अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा. ४२ शाळा, १०,५४८ मुलं, आणि कोणत्या शाळेला मुलांबरोबर काम करायला कलाकार मिळणार हे सोडतीनं ठरलेलं. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिडा यांनी २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. शिस्तभंगाची प्रकरणं घटली, लेखन सुधारलं, इतरांविषयीची कणव वाढली. कणवेतली वाढ लहान होती, प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) ८ टक्के. पण सोडतीनं केलेल्या प्रयोगात लहान वाढसुद्धा वजनदार असते. 'नाटक केलं आणि मुलं बदलली' असं तुमच्या प्रबंधात कृपया लिहू नका.

दुसरी बाजूही सांगतो. २०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक निबंध आला, की साहित्यिक कथेचा छोटासा उतारा वाचला तरी दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता वाढते. खूप गाजला. नंतर इतर गटांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम मिळाला नाही. पाच मिनिटांत माणूस बदलतो असं सांगणाऱ्या निबंधापासून चार हात लांब राहा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर रात्री लिहितो. त्याला वेळ द्यायला हवा.

रंगपेटी

मी सावद्याजवळचा निवृत्त चित्रकला शिक्षक. एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातल्या शेवटच्या दहा वर्षांत वेळापत्रकात माझा तास असायचा आणि प्रत्यक्षात दहावीचं गणित चालायचं. शाळेचं नाव घेत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या की मात्र सगळे मला शोधत यायचे, कारण त्याचे वाढीव गुण मिळतात. मुलाला रेषेतून काय सांगायचंय ते कुणी विचारलं नाही. ही सल अजून आहे.

संशोधनाचं मला फार कळत नाही, पण एक पद्धत मी वापरली आहे. अॅबिगेल हाउझेन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी ती बसवली. चित्रापुढे मुलांना बसवायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे. या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? शिक्षकानं बरोबर-चूक म्हणायचं नाही, फक्त मुलाचं म्हणणं पुन्हा नीट मांडायचं.

मी अजिंठ्याच्या एका चित्राचा फोटो ठेवला होता. एक मुलगा म्हणाला, ती बाई रडतेय. दुसरा म्हणाला, नाही, झोप आलीय. मी विचारलं, कशावरून? दोघंही चित्राकडे पुन्हा बघायला लागले. दहा मिनिटांनी पहिला म्हणाला, "सर, त्याचंही बरोबर असू शकतं." चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे वाक्य मी वर्गात फार वेळा ऐकलेलं नाही.

आणि आपण सारखं अमेरिका-अमेरिका करतो म्हणून आठवण देतो. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी त्याच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं होतं. बांबू, चटया, गावात मिळेल ते सामान आणि गावचे कारागीर. गांधीजींचा आग्रहच तो होता, की खेड्यातल्या माणसाला ते आपलं वाटलं पाहिजे. पुढच्याच वर्षी वर्ध्याला नयी तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, परिषद झाली. हात, डोळा आणि मन एकत्र शिकवायचं ही कल्पना आपल्या केळीच्या पट्ट्यातून चालत गेलेली आहे. ताई, तुमच्या पहिल्या प्रकरणात हे यायला हवं.

केळीबाग

ताई, मना आंडोर सातवीले शे (माझा मुलगा सातवीला आहे). पुढचं मराठीत लिहितो. मी शिकलेला फार नाही, बारावी. शाळेत नाटक करतात म्हटल्यावर आधी मलाही वाटलं होतं की अभ्यास बुडतो. पण चपलांचं वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. आमच्याकडे केळी कापायला येणाऱ्या मजुरांची पोरं बांधावर बसलेली असतात. माझा मुलगा त्यांच्याशी कधी बोललेला मी पाहिलेला नाही. एवढंच सांगायचं होतं.

तापीकाठची

मी भुसावळची, सध्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. समानुभूतीवरच्या संशोधनाचा मोठा हिस्सा आमच्या क्षेत्रातून येतो, म्हणून थोडं लिहिते.

जेफरसन मापनश्रेणी म्हणून २० विधानांचं साधन आहे, खास डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी. ते बनवणाऱ्या मोहम्मदरेझा होजात यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की विद्यार्थी तिसऱ्या वर्षात, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांमध्ये जातात तेव्हाच त्यांची समानुभूती घसरते. या निष्कर्षानं आमचं क्षेत्र हललं आणि मग चित्रं, कथा, नाटक अभ्यासक्रमात यायला लागलं. भारतात २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. त्यात आम्ही भूमिकानाट्य घेतो.

माझा अनुभव असा. रुग्णाच्या नातेवाइकाची भूमिका विद्यार्थी फार मोठ्यानं करतात, रडतात, ओरडतात. खरे नातेवाईक तसे नसतात. यावल-रावेरकडून आलेला शेतकरी मुलाचा रिपोर्ट हातात घेऊन "बरं" म्हणतो आणि बाहेर जाऊन पायरीवर बसतो. ते 'बरं' ऐकू येणं हेच शिकवायचं असतं. म्हणून गेल्या वर्षीपासून मी विद्यार्थ्यांना आधी ओपीडीबाहेरच्या बाकावर तासभर नुसतं बसायला लावते, आणि मगच नाटक.

आकडेमोड

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तापीकाठचीताईंनी वाट सोपी केली.

पाटीपेन्सिलताई, तुमच्या वर्गात त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या आणि तुम्ही त्यांना एकच समजताय. मुलीनं मुलाच्या चपला पाहिल्या, लक्षात ठेवल्या, स्वतःच्या अंगावर घेतल्या. ही कल्पनाशक्ती. पण तिचा अर्थ चुकला होता. तिला वाटलं पळून जायचंय, त्याला काळजी होती नव्या चपलांची. बरोबर अर्थ कधी कळला? तो बोलला तेव्हा.

ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये एकूण २५ प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. 'स्वतःला त्याच्या जागी ठेवून विचार कर' असं सांगितल्यानं दुसऱ्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येतं का? नाही आलं. माणसाला आपण अचूक आहोत असं वाटतं, पण अचूकता वाढत नाही. त्या माणसाशी बोलल्यावर, त्याला विचारल्यावर मात्र वाढते.

डेव्हिस यांची प्रश्नावली यातलं काय मोजते? 'मी दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करतो' असं तुम्हाला स्वतःला किती वाटतं, ते. म्हणजे स्वतःविषयीचं मत. याच साधनातून सारा कॉनरॅथ यांनी अमेरिकन कॉलेजविद्यार्थ्यांची तीस वर्षांची घसरण दाखवली होती, १९७९ ते २००९, जवळपास १४ हजार मुलं. त्याच्या बातम्या जगभर झाल्या. नंतर त्यांनीच आकडे २०१८ पर्यंत वाढवले, तेव्हा २००८ नंतर पुन्हा चढण दिसली. ती बातमी फारशी कुणी छापली नाही. प्रश्नावली निरुपयोगी नाही. पण एका वर्गातल्या एका दुपारी काय घडलं हे पकडायला ती बनलेली नाही, आणि वर भाषेचा अडथळा. तुमच्या वर्गात तिनं मराठीची शब्दसंपत्ती मोजली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

तुमची मुलगी सरासरीखाली आली, याचं मला आश्चर्य वाटत नाही. जी मुलगी इतकं बारीक पाहते ती 'मला दुसऱ्याचं नेहमी कळतं' या विधानापुढे बरोबरची खूण करायला कचरणारच.

सातपुडा_पायथा

धडगाव तालुक्यातून लिहितोय. आश्रमशाळेत आहे, नेटवर्क आलं की धागा उघडतो.

भाषेचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. आमची मुलं घरी पावरी बोलतात, काही भिली. पहिलीतलं मूल वसतिगृहात येतं तेव्हा त्याला रडायचं कारणसुद्धा मराठीत सांगता येत नाही. सानेगुरुजी अमळनेरला वसतिगृह सांभाळत होते तेव्हा मुलांच्या खोल्या स्वतः आवरायचे, हे आपण भाषणांत सांगतो. मला त्यातलं एकच घ्यावंसं वाटतं, की मूल न बोलता काय सांगतंय ते ओळखणं हे कामाचा भाग धरलं होतं त्यांनी.

मी ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांची पद्धत वापरतो. प्रसंग करायचा, तो वाईट वळणावर थांबवायचा, आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही उठून पात्राची जागा घ्यायची आणि पुढे वेगळं करून दाखवायचं. आमचा प्रसंग जेवणाच्या रांगेचा होता. मोठी पोरं लहानांना मागे ढकलतात, भाजी संपते. आठवीच्या मुलांना पहिलीची मुलं केलं. त्यांना उभं राहायला सांगितलं नाही, गुडघ्यांवर चालायला सांगितलं, कारण लहान पोराला पातेलं कुठल्या उंचीवरून दिसतं ते कळावं म्हणून. एक मुलगा गुडघ्यांवर पातेल्याजवळ गेला आणि पावरीत म्हणाला की आतलं काहीच दिसत नाही.

त्यानंतर रांग उलटी झाली, लहान आधी. दोन आठवडे टिकलं, मग पुन्हा ढकलाढकली. मी पुन्हा प्रसंग केला. पुन्हा तीन आठवडे. म्हणून मला वाटतं, एकदा नाटक करून आधी-नंतर प्रश्नावली भरून घेण्यात अर्थ नाही. ताई, वर्षभर बघा. मोजायचंच असेल तर रांग मोजा. कोण कुणाला पुढे जाऊ देतं, परत आलेल्या मुलाला वही कोण देतं, कोण कुणाच्या शेजारी बसतं. हे मोजायला मराठी यावी लागत नाही.

रंगपेटी

भाऊ, गुडघ्यांवर चालायला लावलंत हे फार मोठं केलंत. एकतीस वर्षांत मला सुचलं नाही.

अखाजीची_माहेरवाशीण

मी पारोळ्याची, लग्न होऊन नाशिकला. संशोधक नाही, पण एक विचारायचं आहे. आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर आम्ही जी गाणी म्हणायचो ती सगळी सासुरवाशिणीची. माहेरचा निरोप आला नाही, भाऊ न्यायला आला नाही, वाट बघून डोळे थकले. आम्ही नऊ-दहा वर्षांच्या पोरी, सासर कशाला म्हणतात ठाऊक नाही, आणि 'मी' म्हणून गात होतो. शेजारच्या काकू ऐकता ऐकता पदर तोंडाला लावायच्या. तेव्हा कळत नव्हतं. पहिल्या वर्षी मी सासरी होते आणि अखाजीला भाऊ उशिरा आला, तेव्हा काकूंचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

ही परदेशी पद्धतींतली 'भूमिका घेणं' म्हणतात तीच गोष्ट नाही का? आणि ती अहिराणीतच होती. शाळेनं मात्र आम्हाला अहिराणी बोललो म्हणून उभं केलं होतं.

आकडेमोड

ताई, तुमच्या प्रतिसादावर मी दोन दिवस विचार करतोय. हो, तीच गोष्ट आहे. एक फरक आहे आणि तो पाटीपेन्सिलताईंच्या कामाचा आहे. गाण्यात तुम्ही 'मी' झालात, पण काकूंना कुणी विचारलं नाही की तुम्हाला काय आठवलं. ते विचारणं शाळा जोडू शकते.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दहावीपर्यंत कला सर्वांना हवी म्हटलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणानं कला-एकात्मिक शिक्षणाचा पुरस्कार केला. कागदावर दार उघडं आहे. पण आपल्या भाषांतल्या मुलांवर, आपल्या लोककला घेऊन, वर्षभराचं निरीक्षण असलेलं काम हवंय. तुमचा विषय तिथे बसतो.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. चार महिन्यांत जे सुटलं नाही ते इथे सुटलं.

ठरवलं ते असं. दोन शाळा घेणार, एक आमची, एक डोंगरातली. दोन्हीकडे कला असेल. एका गटात फक्त नाटुकलं, दुसऱ्या गटात नाटुकलं आणि त्यानंतर ज्याची भूमिका केली त्याला प्रत्यक्ष विचारायचा तास, त्याच्या भाषेत. फरक पडलाच तर तो विचारण्याचा असेल. रंगपेटी सरांचे तीन प्रश्न चित्रांऐवजी प्रसंगाला लावणार, विशेषतः 'कशावरून वाटलं?' हा. मोजणी रांगेची, वहीची, बाकाची, वर्षभर, महिन्यातून दोनदा. प्रश्नावलीही राहील, पण चित्रांसहित आणि तोंडी, अहिराणी आणि पावरीत. मार्गदर्शकांना हे पटवायचं आहे. आकडेमोड सर, एक पानाचं टिपण लिहून द्याल का?

सातपुडा_पायथा भाऊ, पावरीसाठी तुमच्याशिवाय कुणी नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एक रविवार धडगावला येऊ का?

आणि एक राहिलं. काल त्या मुलीला मी विचारलं, आता चपलांचा प्रसंग पुन्हा केलास तर कसा करशील? तिनं थोडा विचार केला आणि चपला उचलून फडक्यानं पुसल्यासारखं केलं. मग बाकाखाली ठेवल्या, कडेला कडा लावून.

सातपुडा_पायथा

या ताई. रविवारी बाजार असतो, मुलांचे पालकही भेटतील. प्रश्नावली आधी पाठवा, मी पावरीत करून ठेवतो. 'अस्वस्थ'ला आमच्याकडे काय म्हणतात ते मुलांनाच विचारतो.